लेकराचा गळा वाजतो तेव्हा: जन्मजात श्वासमार्गाचे दोष ओळखणे, वेळेत पोहोचवणे आणि घरी सांभाळणे

“लेकराचा गळा वाजते.” “झोपलं की घरघर करते.” “दूध पेताना मधातच थांबते अन् हापसते.” विदर्भातल्या खेड्यापाड्यांत आई-आजी ही तक्रार अशी सांगतात आणि बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेले असते: कफ झाला. मग सिरप, वाफ, नेब्युलायझर आणि आठवड्याने पुन्हा तेच. बऱ्याच बाळांना खरोखरच कफ असतो. काहींच्या मात्र नाकाची, स्वरयंत्राची किंवा श्वासनलिकेची घडणच जन्मापासून वेगळी असते आणि त्यांच्यावर कफाचे औषध चालत नाही. अशा बाळाला वेगळे काढायला आधी महागडे यंत्र लागत नाही. उघडी छाती, शांत खोली आणि लक्ष देणारा कान एवढ्यावर निम्मे काम होते. हे मार्गदर्शन आई-वडील, आशाताई, अंगणवाडीताई, परिचारिका आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांसाठी आहे.

आवाजावरून जागा कशी कळते

नवजात बाळाच्या श्वासमार्गाची सगळ्यात अरुंद जागा स्वरतंतूंच्या जरा खाली असते. तिचा व्यास जेमतेम ४ ते ५ मिलिमीटर. ४ मिलिमीटरच्या नळीला आतून सगळीकडे १ मिलिमीटर सूज आली, तर व्यास २ मिलिमीटर उरतो आणि हवा जायची जागा थेट एक चतुर्थांशावर येते. मोठ्या माणसाच्या घशाला तेवढ्याच सुजेने फक्त खवखवते. म्हणून श्वासनलिका अरुंद असलेल्या बाळाला साधी सर्दीही जड जाते.

आता आवाज श्वास घेताना येतो की सोडताना, हे बघा. विहिरीवरच्या मोटारीला ओढणारा पाइप कडकच लावावा लागतो. मऊ लावला तर ओढ बसताच तो चपटा होतो. स्वरयंत्राचे तेच आहे. तिथली कूर्चा मऊ असेल तर हवा आत ओढताना ती आत कोसळते आणि श्वास घेताना आवाज येतो. छातीच्या आतली श्वासनलिका याच्या उलट वागते. श्वास सोडताना छातीतला दाब तिला बाहेरून दाबतो, म्हणून ती मऊ असेल तर आवाज श्वास सोडताना येतो. दोन्ही वेळेला सारखाच आवाज येत असेल तर जागा पक्की अरुंद आहे: स्वरतंतूंखाली आकुंचन, पूर्ण गोल कूर्चेची कडी, किंवा श्वासनलिकेला वेढा घालणारी रक्तवाहिनी. रडण्याचा आवाज पहिल्यापासून घोगरा किंवा अगदी बारीक असेल तर दोष स्वरतंतूंवर असण्याची शक्यता मोठी. तिथे पडदा असतो किंवा एक तंतू हलत नसतो. दोन्ही तंतू हलत नसतील तर रडणे जवळजवळ नेहमीसारखे ऐकू येते आणि श्वास मात्र खूप अडतो. म्हणून “रडते तर चांगले” एवढ्यावर समाधान मानू नये.

ऐकायची पद्धत अशी. पंखा, कूलर, टीव्ही बंद करा. बाळाचे अंगडे कमरेपर्यंत काढा. बाळ शांत असताना त्याच्या पोटावर अलगद हात ठेवा. पोट वर येते तो आत घेतलेला श्वास, खाली जाते तो सोडलेला. आता आवाज कोणत्या वेळी येतो ते जुळवा. मग मोबाइलचे घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद श्वास मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण लहान बाळाचा श्वास कमी-जास्त होत राहतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६० किंवा जास्त, २ ते १२ महिन्यांत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० च्या वर आले तर पुन्हा एकदा मोजून खात्री करा. गावातल्या बाईला शिकवले तर ती हे मोजमाप बिनचूक करते आणि नवजात बाळ वाचवते, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात दाखवून दिले. आज आशाताई घरी येते ती त्याच धर्तीवर. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. यातल्या ७ आणि १४ व्या दिवसाच्या भेटीत छाती उघडून ऐकणे फार मोलाचे आहे, कारण सगळ्यात जास्त आढळणारा दोष त्याच सुमारास आवाज करू लागतो.

मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत बाळ शांत झोपते, आवाज थांबतो आणि “आता तर काही नाही” म्हणून चिठ्ठी हातात मिळते. अर्ध्या ते एक मिनिटाच्या चार चित्रफिती पुरेत: पाठीवर झोपलेले, पोटावर किंवा कुशीवर घेतलेले, दूध पिताना आणि रडताना. चारही वेळा छाती उघडी, उजेड समोरून, खोली शांत.

जन्मल्यावर पहिल्या तासांत

दोन दोष असे आहेत की ते प्रसूतिगृहातच ओळखू आले पाहिजेत.

पहिला म्हणजे अन्ननलिका मध्येच बंद असणे. यात बहुतेक वेळा अन्ननलिकेचा खालचा तुकडा श्वासनलिकेला जोडलेला असतो. बाळाच्या तोंडातून सतत फेस येतो. पुसला तरी पुन्हा येतो. पहिलेच दूध दिले की ठसका, खोकला आणि निळेपणा. गरोदरपणीच्या सोनोग्राफीत गर्भजल जास्त असल्याचा शेरा असेल तर हा दोष मनात ठेवूनच बाळंतपण करावे. संशय आला की दूध, पाणी, मध, घुटी, काहीही देऊ नका. तोंडातून ८ ते १० एफची (एफ म्हणजे फ्रेंच, नळीच्या जाडीचे माप) जराशी कडक नळी घाला. हिरडीपासून साधारण १० सेंटीमीटरवर ती अडते. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे ५ किंवा ६ एफची मऊ फीडिंग ट्यूब वापरणे. ती आत गुंडाळी होऊन बसते आणि नळी पोटात गेली असा भास होतो. नळी आत ठेवूनच छाती आणि पोटाचा एक एक्स-रे काढा. नळी वर अडलेली दिसते. पोटात हवा दिसली तर खाली जोड आहे. मग डोके ३० ते ४५ अंश उंच, दर काही मिनिटांनी लाळ ओढून घेणे, शिरेतून ग्लुकोज, अंगाला ऊब आणि बालशल्यचिकित्सा असलेल्या रुग्णालयाकडे रवानगी. अगदी नाइलाज झाल्याशिवाय बॅग-मास्कने हवा दाबू नका. ती हवा जोडातून पोटात जाते, पोट फुगते आणि श्वास आणखी अडतो.

दुसरा म्हणजे नाकाच्या मागची दोन्ही दारे बंद असणे. नवजात बाळ नाकानेच श्वास घेते. असे बाळ शांत झाले की निळे पडते आणि रडले की गुलाबी होते. हा उलटा प्रकार दिसला की थंड स्टीलचा चमचा एकेका नाकपुडीखाली धरा. वाफ उमटते का बघा. मग ६ एफची नळी नाकपुडीतून सरळ मागे घाला. ३ ते साडेतीन सेंटीमीटरवर ती दोन्ही बाजूंनी अडली तर तोंडातून ऑरल एअरवे (श्वासाची वाट उघडी ठेवणारी वाकडी नळी) बसवा, चिकटपट्टीने पक्की करा आणि दूध तोंडातून घातलेल्या नळीनेच द्या. एकाच बाजूचे दार बंद असेल तर ते कधीकधी कित्येक वर्षे कळत नाही. एकाच नाकपुडीतून सतत घट्ट शेंबूड एवढीच तक्रार असते.

खालचा जबडा अगदी लहान, जीभ मागे पडलेली आणि बहुधा टाळू दुभंगलेला, अशा बाळाला पाठीवर झोपवले की जीभ घशावर बसते. त्याला पालथे घेऊन, नजरेसमोर ठेवून पाठवा. गाडीतसुद्धा पालथेच.

पहिल्या आठवड्यांपासून पुढे

लहान बाळाच्या वाजणाऱ्या श्वासाचे सगळ्यात मोठे कारण म्हणजे स्वरयंत्राची मऊ कूर्चा, वैद्यकीय नाव लॅरिंगोमलेशिया. आवाज बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो आणि श्वास आत घेतानाच येतो. तो पाठीवर, रडताना आणि दूध पिताना वाढतो, पोटावर घेतले की कमी होतो. सहा ते आठ महिन्यांपर्यंत वाढतो, मग उतरतो, आणि १२ ते २४ महिन्यांत बहुतेकांचा जातो. वाढता आवाज ऐकून घरच्यांचा धीर सुटतो, म्हणून हा क्रम त्यांना आधीच सांगून ठेवावा. आवाजापेक्षा वजन महत्त्वाचे. बाळ पोटभर पिते, निळे पडत नाही आणि पहिल्या तीन महिन्यांत रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढते, तर वाट बघणे बरोबर आहे. अंगणवाडीच्या काट्यावर दर पंधरा दिवसांनी वजन करून माता-बाल संरक्षण कार्डावर नोंदवा. काटा तोच, कपडे काढून. दहापैकी एखाद-दुसऱ्या बाळाला दुर्बिणीतून छोटी शस्त्रक्रिया लागते, आणि तो निर्णय वजन, निळेपणा आणि बरगड्यांची ओढ (श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत जाणे) यांवर होतो.

अशा बाळाला पाजताना डोके आणि छाती उंच ठेवा. दर मिनिट-दोन मिनिटांनी थांबा, श्वास जुळू द्या, मग पुन्हा लावा. थोडे थोडे, जास्त वेळा पाजा. पाजल्यावर २० ते ३० मिनिटे खांद्यावर उभे धरा. यांच्यात दूध घशाशी येण्याचा त्रास बराच असतो आणि त्या आंबट पाण्याने स्वरयंत्र आणखी सुजते. पोटावर घेतल्याने आराम पडतो म्हणून रात्री पालथे झोपवून ठेवू नका. झोपेत अचानक मृत्यूचा धोका पालथ्या बाळात जास्त असतो. जागे असताना, नजरेसमोर, पालथे चालेल. डॉक्टरांनी त्या बाळासाठी मुद्दाम पालथे झोपवायला सांगितले असेल तर गोष्ट वेगळी.

श्वासनलिका मऊ असेल तर चित्र दुसरे. श्वास सोडताना घरघर, कुत्र्याच्या भुंकण्यासारखा खोकला, रडले किंवा जोर केला की एकदम निळे. अन्ननलिकेची शस्त्रक्रिया झालेल्या बाळांत हा खोकला वर्षानुवर्षे राहू शकतो आणि दर वेळी तो न्यूमोनिया नसतो. या बाळांना दमा समजून साल्ब्युटामॉलचे नेब्युलायझर दिले जाते. त्याने काहींचा त्रास वाढतो, कारण ते औषध नळीच्या भिंतीतला स्नायू सैल करते आणि मऊ भिंत आणखी कोसळते. सरळ नियम ठेवा: नेब्युलायझरने दोनदा काही फरक पडला नाही, तर तिसऱ्यांदा तेच देण्याआधी निदान बदलून बघा.

बाळ पहिला महिना-दीड महिना ठीक होते आणि मग दोन्ही वेळा वाजू लागले, हनुवटीवर, ओठांवर, कानापुढे लाल डाग आहेत, तर स्वरतंतूंखाली रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते. स्टिरॉइड दिले की ती दबते, थांबवले की पुन्हा वाढते, म्हणून ती वारंवार होणाऱ्या क्रूपसारखी (स्वरयंत्राला सूज येऊन होणारा भुंकणारा खोकला) भासते. तिच्यावर प्रोप्रॅनोलॉल हे २००८ पासून वापरात आलेले औषध चांगले चालते. ते पोट भरलेले असतानाच द्यायचे. बाळ पीत नसेल, उलट्या-जुलाब असतील, तर त्या वेळचा डोस गाळून डॉक्टरांना विचारायचे, नाहीतर रक्तातली साखर उतरते.

बाळ पहिले काही दिवस व्हेंटिलेटरवर होते आणि नळी काढल्यावर काही आठवड्यांत वाजू लागले, तर ते आकुंचन बहुधा नळीच्या घर्षणाने झालेले असते. सुटीच्या कागदावर नळीचा आकार आणि किती दिवस होती हे लिहून घ्या. पुढच्या डॉक्टरला त्यातून फार कळते. घन आहार सुरू केल्यावर घास अडू लागला आणि आवाजही आहे, तर श्वासनलिका-अन्ननलिकेला महाधमनीचा वेढा आहे का, हे तपासायचे.

आणि एक गोष्ट जन्मजात नसलेली. काल संध्याकाळपर्यंत चांगले असलेले रांगते मूल अचानक ठसकले आणि मग वाजू लागले, तर शेंगदाणा, हरभरा, तुरीचा दाणा, चिंचोका, बोराची बी यांपैकी काहीतरी आत आहे असे धरूनच चाला. हंगामात अंगणात तूर-हरभरा पसरलेला असतो तेव्हा हे हमखास घडते. ठसका थांबला म्हणजे दाणा बाहेर आला असे नाही. एक्स-रेमध्येही तो दिसत नाही. एक वर्षाच्या आतले बाळ गुदमरून आवाजच काढत नसेल तर हातावर पालथे घेऊन, डोके खाली, पाठीत ५ थापा आणि उलटे करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी ५ दाब, आलटून पालटून. दिसत नसताना तोंडात बोट घालून खरडू नका.

धावायचे कधी

श्वास घेताना बरगड्यांमधली आणि गळ्याखालची जागा आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात, मान मागे टाकून बाळ श्वास घेते, पिणे निम्म्यावर आले, ओठ-जीभ निळी, किंवा श्वास मध्येच थांबतो: यातले एकही दिसले तर त्याच तासाला निघा. आवाज कमी झाला पण ओढ तशीच किंवा बाळ मलूल, तर ती सगळ्यात वाईट खूण आहे. आवाज यायलाही हवा लागते.

वाटेत बाळ आईच्या मांडीवर, बाळाला आवडेल त्या स्थितीत. उगाच आडवे करू नका. रडवू नका; रडण्याने ओढ वाढते आणि अरुंद नळी आणखी मिटते. आरोग्य केंद्रात जीभ दाबून घसा बघण्याचा हट्ट धरू नये. ऑक्सिजन तोंडाजवळ धरून द्या. मोठ्यांचा बोटातला ऑक्सिमीटर तान्ह्या बाळात खोटे आकडे दाखवतो. तळपायाला किंवा तळहाताला लावायचा लहान प्रोब वापरा. ओढ खूप असेल तर ॲड्रेनॅलिन १:१००० चे ०.५ मिली प्रति किलो, जास्तीत जास्त ५ मिली, नेब्युलायझरने. त्याचा असर सुमारे दोन तासांत उतरतो, म्हणून बरे वाटले तरी घरी न सोडता त्याच वेळेत पुढे पाठवा. धारणी, भामरागड, एटापल्लीसारख्या ठिकाणांहून जिल्ह्याचे ठिकाण गाठायलाच काही तास जातात. तिथे तर आधी १०८ बोलावून मगच औषध सुरू करावे.

पोट उडते म्हणून पोटाला चटके देणे, ज्याला मेळघाटात डंबा म्हणतात, त्याने श्वास सुटत नाही. भाजल्याने बाळ रडते, पिणे सोडते, जखम चिघळते, आणि अरुंद नळीचे बाळ ते सोसू शकत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे रागावून सांगून उपयोग नाही. त्यांनाही लेकराची धाप दिसलेली असते. त्यांना बाळाच्या बरगड्यांची ओढ दाखवा, दोष गळ्यात आहे हे हात लावून दाखवा, आणि भुमका-पडिहाराकडे (गावातल्या वैदू-मांत्रिकाकडे) जायला निघालेली गाडी आधी दवाखान्याकडे वळवा. बाजेखालची शेगडी, ओव्याची धुरी, छातीला कापूर आणि कपाळावर मेंथॉलचे मलमही बंद.

कुठे आणि काय घेऊन

शासकीय रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार आणि ने-आण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. पुढचा रस्ता राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालय आणि तिथून वैद्यकीय महाविद्यालय. नागपूरचे मेडिकल, मेयो आणि एम्स, सेवाग्राम, सावंगी, अकोला, यवतमाळ यांतले तुम्हाला सोयीचे कोणते ते ठरवण्याआधी संदर्भ देणाऱ्या डॉक्टरांकडून फोन करून तीन गोष्टी विचारून घ्या: तान्ह्या बाळाची श्वासमार्गाची दुर्बीण होते का, लहान बाळांना भूल देणारे डॉक्टर आहेत का, आणि अतिदक्षता विभागात खाट आहे का. तिन्हीचे उत्तर हो असेल तिथेच जा, ते ठिकाण थोडे लांब असले तरी. एका दिवसात दोन दवाखान्यांच्या दारातून परत येणे बाळाला सगळ्यात महाग पडते.

सोबत जन्माचा आणि सुटीचा कागद, लसीकरणाचे कार्ड, वजनाच्या नोंदी, मोबाइलमधल्या चित्रफिती, शिधापत्रिका, आई-वडिलांचे आधार, बाळाचा जन्मदाखला. पोहोचल्यावर आरोग्यमित्राला भेटून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे शस्त्रक्रियेच्या आधी विचारा, नंतर नाही.

तपासण्यांत मुख्य ती दुर्बीण. बारीक लवचीक दुर्बीण बाळ जागे असताना नाकातून घालून स्वरयंत्र बघतात. काही मिनिटांचे काम. खालची श्वासनलिका बघायला भूल देऊन ताठ दुर्बीण लागते. रक्तवाहिनीच्या वेढ्यासाठी सीटी अँजिओग्राफी, हृदयासाठी टू-डी इको. साधा एक्स-रे नॉर्मल आला म्हणून श्वासनलिका नॉर्मल ठरत नाही.

ट्रॅकिओस्टॉमी घेऊन घरी आल्यावर

काही बाळांना वरची जागा मोठी होईपर्यंत किंवा शस्त्रक्रियेपर्यंत गळ्यातून नळी घालून श्वास द्यावा लागतो. अशा बाळाला गावात सांभाळता येते, पण घरातल्या किमान दोन माणसांनी रुग्णालयातच सक्शन (नळीतला कफ ओढून काढणे) आणि नळी बदलणे स्वतःच्या हाताने, नर्सच्या समोर, पुरेसे वेळा केलेले असले पाहिजे. नुसते बघून सुटी घेऊ नका.

एक पिशवी बाळाच्या अंगासरशी कायम असावी. शेतात, लग्नात, एसटीत, सगळीकडे. तिच्यात त्याच आकाराची एक नळी, अर्ध्या मिलिमीटरने लहान एक नळी, दोन्हींच्या आत घालायच्या सळ्या, बांधायच्या पट्ट्या, बोथट टोकाची कात्री, पाण्यात विरघळणारी जेली, सक्शन कॅथेटर, सलाइन, गॉज, लहान बाळाची ॲम्बू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि पायाने किंवा हाताने चालणारे सक्शन. व्हॅसलीन किंवा तेल वापरू नका. ते फुप्फुसात उतरते. विजेवरचे सक्शन यंत्र असले तरी पायाचे हवेच. उन्हाळ्यात आणि पावसाच्या पहिल्या वाऱ्यात वीज जाते ती कधी येईल याचा भरवसा नसतो. बॅटरीवर चालणारे घेतले तर रोज रात्री चार्जिंगला लावायचे काम एकाच माणसाकडे ठेवा.

कॅथेटरचा आकार काढायचा साधा हिशेब: नळीचा आतला व्यास गुणिले दोन. ३.० च्या नळीला ६ एफ, ४.० च्या नळीला ८ एफ. खोलीही ठरलेली असते. हातात असलेल्या त्याच आकाराच्या दुसऱ्या नळीत कॅथेटर घालून टोक जेमतेम बाहेर आले की तिथे खूण करा, आणि बाळात त्या खुणेपर्यंतच घाला. अडेपर्यंत घालत राहिलात तर आतली त्वचा सोलते, रक्त येते, तिथे मांस वाढते आणि नळीच्या टोकाशीच नवा अडथळा तयार होतो. दाब ८० ते १०० मिलिमीटर पारा. हात साबणाने धुवा, कॅथेटर खुणेपर्यंत घाला, सक्शन चालू करून बोटांत फिरवत बाहेर काढा. आत-बाहेर मिळून ५ ते १० सेकंद, जास्त नाही. मध्ये बाळाला श्वास घेऊ द्या. दर वेळी सलाइन टाकायची गरज नाही; कफ घट्ट असेल तेव्हाच थोडे. झाल्यावर उकळून गार केलेले पाणी कॅथेटरमधून ओढून घ्या, बाहेरून पुसा, झाकणाच्या स्वच्छ डब्यात कोरडे ठेवा आणि २४ तासांनी टाकून द्या. सकाळी उठल्यावर, पाजण्याआधी, झोपण्याआधी आणि घुरघुर ऐकू आली की सक्शन. कफ पिवळा-हिरवा, वास येणारा किंवा रक्ताचा झाला तर डॉक्टरांकडे.

नाक हवा ओली आणि गाळलेली करून देते. नळीच्या बाळाला ती सोय नाही. चंद्रपूर-अकोल्याकडचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत असते, आणि कफ वाळून नळीत खपली धरतो. नळी बंद पडण्याचे हे मोठे कारण. नळीवर बसवायचे ओलावा धरणारे फिल्टर रोज बदलून वापरा. ते नसेल तर स्वच्छ ओल्या केलेल्या पातळ गॉजचा पडदा नळीपुढे सैल बांधा, चिकटून बसणार नाही असा, आणि वाळला की ओला करा. कापूस घरात भरला असेल तर बाळाची खोली वेगळी. सुटी कापसाची तंतुळे, चुलीचा धूर, मळणीचा भुसा, पावडर आणि फवारणी यांपासून बाळ लांब. फवारणीचे कपडे घरात आणू नयेत. अंघोळ कमरेएवढ्या नव्हे, तळाशी दोन बोटे पाणी ठेवून. डोक्यावरून तांब्या ओतायचा नाही.

पट्ट्या रोज बदला, नेहमी दोघांनी. एकाने नळी धरून ठेवायची, दुसऱ्याने बांधायचे. बसल्या स्थितीत मान किंचित पुढे झुकवून पट्टीखाली एक बोट जाईल एवढीच सैल. दोन बोटे गेली तर नळी खोकल्यासरशी बाहेर येते.

नळी बदलणे डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या दिवशी, बहुधा एक ते चार आठवड्यांनी, पाजल्यानंतर लगेच नाही. खांद्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मान मागे. नव्या नळीत सळी, टोकाला जेली. जुनी काढा, नवी आधी मागे आणि मग खाली अशा बाकात घाला, सळी लगेच ओढा. नळीच्या तोंडाशी हवा हाताला लागते का बघा, मगच पट्टी बांधा.

नळीच्या बाळाला मोठ्याने रडता येत नाही. रात्री हाक येत नाही. बाळ आईच्या अंगाशेजारी झोपवा आणि पायात घुंगरांचे वाळे घाला. तडफड झाली की आवाज येतो.

बाळ कासावीस झाले, निळे पडले, तर क्रम एकच. आधी सक्शन. कॅथेटर आत जात नसेल तर नळी बंद आहे. कफ काढत बसू नका, त्याच क्षणी पट्टी कापून नळी बदला. त्याच आकाराची जात नसेल तर लहान. तीही जात नसेल तर सक्शन कॅथेटर भोकातून आत घाला आणि त्याच्यावरून लहान नळी सरकवा. नळी बसली की ॲम्बूने श्वास द्या. एकही नळी बसली नाही आणि वरचा मार्ग थोडा उघडा असेल, तर गळ्याचे भोक बोटाने झाकून तोंड-नाकावर मास्क लावून श्वास. वरचा मार्ग पूर्ण बंद असल्याचे आधी सांगितले असेल तर भोकावरच सर्वांत लहान मास्क किंवा तोंड लावून श्वास द्या. निपचित पडले तर ३० दाब आणि २ श्वास, आणि दुसऱ्या माणसाने १०८. आपल्या बाळाचा वरचा मार्ग किती उघडा आहे, हे सुटीच्या वेळी विचारून कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पिशवीला बांधून ठेवा. हा क्रम गावातल्या आशाताईला आणि शेजारच्या एका घरालाही शिकवा.

लसी वेळेवर, न्यूमोकोकल धरून. सहा महिन्यांनंतर दरवर्षी फ्लूची लसही द्यावी. खोकल्याचे माणूस आत आणू नये.

नळी कायमची काढायचा दिवस दुर्बिणीने ठरतो. आधी दिवसा थोडा वेळ नळीला टोपी लावून बघतात, मग रुग्णालयात भरती करून रात्रभर झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजतात, आणि मगच काढतात. घरी स्वतःहून बूच लावून बघू नका. भोक बहुधा आपोआप आकसते. काही महिन्यांनीही उघडे राहिले तर शिवून बंद करतात. काढल्यानंतर बाळाला सर्दी झाली, पुन्हा वाजायला लागले, तर पिशवी घेऊन त्याच रुग्णालयात जा. डॉक्टर सांगेपर्यंत ती रिकामी करू नका.